पायवाल्या ताईंच्या भावाचं पत्र

कृत्रिम पाय बनवायच्या सरकारी कार्यशाळेत ताई कामाला लागल्या, तेव्हा पहिल्या आठवड्यात एकाही माणसानं त्यांना माप घेऊ दिलं नाही. युद्ध संपून दोन वर्षं झाली होती. बाहेरच्या लांब बाकावर पंधरा-वीस जवान ओळीनं बसलेले असत, कुणाचा गुडघ्याखालून पाय गेलेला, कुणाचा मांडीपासून. दार उघडून ताईंनी "पुढचे या" म्हटलं की सगळे एकदम छताकडे बघायला लागत.

"बाई माणूस माप घेणार?" एकानं शेजाऱ्याला विचारलं, ताईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"तुमचा पाय पुरुष होता का?" ताईंनी दारातूनच विचारलं. "लाकूड तसं काही विचारत नाही. या आत."

बाकावर हशा पिकला आणि विचारणारा गडी मुकाट्यानं कुबड्या सावरत आत आला. त्या दिवसापासून त्या 'पायवाल्या ताई' झाल्या. वयानं दुप्पट असलेले सुभेदारसुद्धा त्यांना ताईच म्हणत.

लाकूडकाम ताईंच्या हातात लहानपणापासून होतं. वडील सुतार. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. रंधा कसा धरायचा, कानस कुठे थांबवायची, हे ताई आणि त्यांचा धाकटा भाऊ दोघंही चालता-बोलता शिकले. भावाला घरात 'बारक्या' म्हणत. पुढे तो दाराच्या चौकटीला डोकं आपटण्याइतका उंच झाला, तरी नाव बारक्याच राहिलं. बहीण-भावाचं जन्माचं भांडण होतं खिडकीजवळच्या खाटेवरून. तिथे वारा यायचा. एक रात्र तुझी, एक रात्र माझी असं ठरलेलं, पण बारक्या आपल्या पाळीच्या रात्री लवकर झोपायचा आणि तिच्या पाळीच्या रात्री त्याहून लवकर.

विसाव्या वर्षी त्याला लष्कराचं बोलावणं आलं. सात महिन्यांनी तो गेल्याचं पत्र आलं. देह आला नाही. तिकडेच त्याला मूठमाती दिली, एवढंच कळलं. पत्र मात्र सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं, खाली अधिकाऱ्याची सही. "आपला मुलगा शत्रूशी शर्थीने लढताना धारातीर्थी पडला. शेवटच्या क्षणी त्याच्या मुखी आपल्या आईचे नाव होते."

वडिलांनी ते पत्र काचेच्या चौकटीत बसवलं. चौकट त्यांनी स्वतःच केली, शिसवीची. दुकानात कुणी खुर्ची दुरुस्तीला आणली, तरी आधी त्याला पत्र वाचून दाखवत. चार वर्षांनी वडील गेले. जाण्याच्या आदल्या दिवशीही त्यांनी ती चौकट उशाशी मागवून घेतली होती. वडिलांच्या मागे घरात ताई आणि आई अशा दोघीच उरल्या. ताईंनी लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणत, "वेळ कुणाला आहे? बाकावर बघा किती माणसं बसलीत."

दरवर्षी युद्धसमाप्तीच्या दिवशी नगरपालिकेच्या सभागृहात माजी सैनिकांचा सत्कार व्हायचा. गेलेल्यांची नावं कोरलेली एक मोठी पाटी तिथल्या भिंतीवर होती. आईला पहिल्या रांगेत खुर्ची असे, आणि कार्यक्रमाच्या शेवटी समितीचे अध्यक्ष, म्हणजे शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, बारक्याचं पत्र खड्या आवाजात वाचत. लोक डोळे पुसत. आई मात्र हातातल्या फुलांच्या गुच्छाकडे बघत बसायची. तिच्या डोळ्यांतून कधी टिपूस आलं नाही. लोक म्हणत, बाई मोठी खंबीर.

अशी वीस वर्षं गेली.

कार्यशाळेत येणाऱ्यांत एक जण होता, त्याला बाकीचे सैनिक 'बोरू' म्हणायचे. लष्करात तो लिखापढीचं काम करायचा, म्हणून बोरूबहाद्दर आणि त्याचं पुढे बोरू. युद्ध संपता संपता त्याची गाडी सुरुंगावर गेली आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. माणूस मितभाषी, पण नीटनेटका. पाय दुरुस्तीला आणताना धुऊन, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचा. ताईंनी त्याला एकदा विचारलं होतं, "कुठल्या तुकडीत होता हो तुम्ही?" त्यानं भलतीच तुकडी सांगितली होती. हे ताईंना पुढे कळलं.

त्या वर्षी कार्यशाळेला नवा व्यवस्थापक आला आणि त्यानं नवा नियम काढला: प्रत्येकानं आपली तक्रार आपल्या हातानं अर्जावर लिहायची. तोवर अर्ज कार्यशाळेतलाच माणूस भरायचा. बोरूनं आपला अर्ज भरून ताईंच्या टेबलावर ठेवला. "पायाची खोबण सैल झाली आहे. चालताना घासते, संध्याकाळपर्यंत फोड येतो."

ताई ते वाचत होत्या आणि वाचता वाचता त्यांचा हात थांबला. प्रत्येक शब्दाची शिरोरेघ शेवटच्या अक्षराआधीच थांबलेली होती, त्या अक्षरावर गेलेलीच नव्हती. 'ल'ची शेपटी वळून अक्षराच्या पोटाखाली आलेली. हे अक्षर त्यांनी वीस वर्षं रोज सकाळी, केस विंचरताना, भिंतीवर बघितलं होतं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. का? चुकलं काही?"

"माझ्या भावाचं पत्रही तुम्हीच लिहिलंय."

बोरूनं घाईघाईनं कुबड्या उचलल्या. "काहीतरीच काय ताई. कारकुनांची अक्षरं सगळी सारखीच असतात," तो म्हणाला. पाय तिथेच टेबलावर ठेवून, कुबड्या खटखटवत तो निघून गेला.

ताईंनी खोबण दुरुस्त केली. आतून नवं चामडं लावलं, कडा पॉलिश पेपरनं गुळगुळीत केल्या. ठरलेल्या दिवशी बोरू आला नाही. पुढच्या आठवड्यात नाही. त्याच्या पुढच्याही नाही. माणूस कुबड्यांवर दिवस काढत होता, पण कार्यशाळेची पायरी चढत नव्हता. शेवटी एका सुटीच्या दिवशी ताईंनी तो पाय चादरीत गुंडाळला आणि बसमध्ये बसल्या. चादरीतून रबरी पाऊल बाहेर डोकावत होतं.

कंडक्टरनं आधी पावलाकडे पाहिलं, मग ताईंकडे. "किती जण?"

"मी एक. आणि हे पाऊण."

बोरूचं घर एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. त्यानंच दार उघडलं. ताईंच्या हातातलं गाठोडं बघून तो बाजूला झाला. आत एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकीत वाळत घातलेले लोकरी मोजे. ते कापलेल्या पायावर चढवायचे मोजे होते. ताईंनी खाली बसून त्याला पाय बसवला, पट्टे आवळले.

"उभे राहा. चार पावलं टाका. घासतंय?"

"नाही."

"मग आता बसा आणि सांगा."

तो खिडकीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, अशी दोनशेहून जास्त पत्रं लिहिली मी. साहेबांनी मजकूर एकदाच सांगितला होता. म्हणाले, घरच्यांना निदान एवढं तरी मिळू दे. नाव बदलायचं आणि बाकी तेच. लढताना. धारातीर्थी. आईचं नाव."

"म्हणजे तो लढताना गेला नाही?"

"तापानं गेला." बोरूनं तोंडावरून हात फिरवला. "आघाडीवर पोचलाच नाही तो. वाटेतच ताप चढला. चिखलात रस्ता बंद होता, रुग्णवाहिका अडकून पडलेली. अकरा दिवस तो तंबूत होता. माझं टेबल त्याच तंबूत होतं, त्याच्या खाटेपासून दोन हातांवर."

ताई ऐकत राहिल्या. वीस वर्षं त्यांच्या डोळ्यांपुढे एक बारक्या होता, बंदूक घेऊन धावणारा, धुरात दिसेनासा होणारा. तो आता कुठल्या कुठे गेला. त्याच्या जागी तंबूतल्या खाटेवर तापानं फणफणलेला, उंच, खाटेबाहेर पाय आलेला बारक्या आला. हा बारक्या त्यांच्या ओळखीचा होता.

"एक गोष्ट आहे," बोरू म्हणाला. "सभागृहात पत्र वाचलं तेव्हा तुम्ही त्याची बहीण हे कळलं, तेव्हापासून या गोष्टीमुळे मी तुमच्याकडे नीट बघू शकत नव्हतो. नवव्या दिवशी तो मला म्हणाला, घरी पत्र लिहून दे. मी मान खाली घालून दुसऱ्यांची पत्रं लिहीत होतो. म्हटलं, हातातलं संपू दे, उद्या लिहू. त्यानं मजकूरसुद्धा सांगून टाकला, की लिही, मी ठीक आहे आणि माझी सायकल कुणाला देऊ नका. मी हसलो. म्हटलं, उद्या. दुसऱ्या दिवशी त्याची शुद्ध गेली. मेलेल्यांची दोनशे पत्रं लिहिली, ताई. जिवंत माणसानं सांगितलेलं एक लिहायचं राहिलं."

ताईंना राग येईल असं वाटलं होतं. आलाही, पण तो कुणावर काढायचा ते समजेना. समोर एक पन्नाशीचा माणूस, त्यांनीच बनवलेल्या पायावर हात ठेवून लहान मुलासारखा रडत होता. त्यांनी उठून स्वयंपाकघर शोधलं, चहा टाकला, दोन कप आणले.

"साखर किती टाकली ते माहीत नाही," त्या म्हणाल्या. "गोड लागला तर बोलू नका."

परत येताना बसमध्ये त्यांना एकच घोर लागला होता. आईला सांगायचं की नाही? साठी ओलांडलेली बाई. तिचा सगळा आधार त्या काचेमागच्या चार ओळींचा. दोन दिवस ताईंनी तोंड उघडलं नाही. भाजी चिरताना सुरी भलतीकडेच चालायची. तिसऱ्या दिवशी आईच म्हणाली, "काय आहे ते सांगून टाक एकदाचं. ते दोडके वाचतील."

ताईंनी सांगितलं, एकेक शब्द जपून, आईच्या चेहऱ्याकडे बघत. तंबू, ताप, अकरा दिवस. आईनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"तापाचं नाही. पण तो लढताबिढताना गेला नाही, हे माहीत होतं. अगं, बाबांचं बोट पटाशीनं कापलं तेव्हा रक्त बाबांचं आलं आणि आडवा झाला हा! तो काय शर्थीनं लढणार? आणि म्हणे मुखी आईचं नाव. जन्मात त्यानं मला नावानं हाक मारली नाही. 'ए म्हातारे' म्हणायचा, मी तीस वर्षांची होते तेव्हापासून."

"मग वीस वर्षं बोलली का नाहीस?"

"तुझ्या बाबांना त्या पत्रानं जगवलं चार वर्षं. मग ते गेले. म्हटलं, आता तुला आधार आहे तो. तू रोज केस विंचरताना वाचतेस ना."

ताईंना हसू फुटलं, आणि हसता हसता रडू. आई उठून त्यांच्याजवळ येऊन बसली.

"सायकलचं काय म्हणाला?" आईनं थोड्या वेळानं विचारलं.

"कुणाला देऊ नका म्हणाला."

"दिली की गं आपण. पहिल्याच वर्षी." आणि वीस वर्षांत पहिल्यांदा आईच्या डोळ्यांना पाणी आलं, त्या सायकलीसाठी.

दुसऱ्या दिवशी आईनं ताईंना सांगितलं की त्या माणसाला घेऊन ये. बोरू आला तो मान खाली घालूनच. त्याला वाटलं होतं, म्हातारी आता पिसं काढणार. आईनं त्याला खुर्ची दिली आणि म्हणाली, "पहिल्या दिवसापासून सांग. काय खाल्लं, काय बोलला, पांघरूण होतं का. घाई करू नकोस. माझी वीस वर्षं बुडाली आहेत." चार रविवार तो येत राहिला. अकरा दिवस सांगायला चार रविवार लागले. बारक्या तंबूतल्या खाटेवरून म्हणायचा, माझी बहीण इथे असती तर ही दाराजवळची खाट तिनं बळकावली असती. हे ऐकल्यावर ताई उठून पुढच्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ रंध्याला धार लावत बसल्या.

त्या वर्षीचा कार्यक्रम विसावा, म्हणून मोठा होता. अध्यक्ष घरी आले. पत्र वाचू नका, असं आईनं सांगितल्यावर ते गडबडले. "अहो आजी, लोक त्यासाठी तर येतात."

"मग मीच बोलेन काय ते."

सभागृह गच्च भरलं होतं. ताईंनी आईला हाताला धरून माईकपाशी नेलं. माईक उंच होता, तो खाली करेपर्यंत खरखर झाली. आई बोलली ते जेमतेम दोन मिनिटं.

"माझा मुलगा तापानं गेला," ती म्हणाली. "अकरा दिवस आजारी होता. लढायला त्याला वेळच मिळाला नाही. मोठा झाला असता तर चांगला सुतार झाला असता, जरा आळशी. त्याचं नाव पाटीवर राहू द्यायचं असेल तर द्या, नाहीतर काढा. पण खोटं वाचून त्याच्यासाठी रडू नका. खरं ऐकून रडायचं असेल तर रडा."

अध्यक्षांना कुठे बघावं कळेना. मग तिसऱ्या रांगेतून एक बाई उठली. शिवणकाम करणारी होती, तिचा नवरा त्याच पाटीवर होता. "माझ्या पत्रातही आईचंच नाव आहे," ती म्हणाली. "त्यांना आईच नव्हती. ते अनाथाश्रमात वाढले. कुणी लिहिलं ते पत्र?"

बोरू मागच्या रांगेत बसला होता. निघून जाता आलं असतं, दार जवळच होतं. तो उभा राहिला. "मी लिहिलं," तो म्हणाला. "ज्यांना खरं विचारायचं असेल त्यांना मला आठवतं तेवढं सांगेन."

लगेच गलका झाला. कुणी शिव्या दिल्या, कुणी त्याच्याभोवती गोळा झालं. रेल्वेत पूर्वी सिग्नलमन असलेल्या एका गृहस्थांचा थोरला मुलगा युद्धात गेला होता. त्यांनी बोरूसमोर येऊन काठी आपटली. "माझा मुलगा लढतानाच गेला," ते ओरडले. "तुझं तोंड काळं कर." ताई बोरूच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या, आणि सभागृह रिकामं होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

पुढे बोरू घरोघर जाऊ लागला. एकट्याचं धाडस होत नसे, म्हणून ताई बरोबर जायच्या. काही दारं तोंडावर आपटली. काही घरांत मध्येच "पुरे, पुढचं नको" म्हणाले. शिवणकामवाल्या बाईंना त्यानं सांगितलं की त्यांचा नवरा खरंच गोळी लागून गेला, आणि जाताना त्यानं कुणाचंच नाव घेतलं नाही, फक्त पाणी मागितलं आणि ते त्याला मिळालं. "मिळालं ना?" असं त्या बाईंनी तीनदा विचारलं. जिथे आठवत नव्हतं तिथे बोरू सरळ सांगायचा, "आठवत नाही हो." ते सांगणं त्याला सगळ्यात जड जायचं, कारण लोक त्याच्याकडे आशेनं बघत असायचे.

कार्यक्रमात पत्र वाचणं बंद झालं. त्याऐवजी प्रत्येक घरच्यांनी आपल्या माणसाबद्दल दोन मिनिटं बोलायचं असं ठरलं. दोन मिनिटांची वीस होत, अध्यक्ष घड्याळ दाखवून थकत. पाटीवरचं एकही नाव निघालं नाही. आई त्यानंतर सहा वर्षं जगली आणि दरवर्षी बोलली. बोलायला उठली की लोक आधीच हसण्याच्या तयारीत असायचे. शिसवीची चौकट तिनं भिंतीवरच राहू दिली. ती म्हणायची, "चौकट बाबांनी केलेली आहे. आतलं काही का असेना."

सिग्नलमन मात्र त्या दिवसानंतर सभागृहात फिरकले नाहीत. रस्त्यात ताई दिसल्या तरी पलीकडच्या फुटपाथवर जायचे. आठ वर्षं त्यांनी हे नेमानं पाळलं.

मग एका सकाळी ते कार्यशाळेच्या दारात उभे. ऐंशीच्या घरात गेलेले, वाकलेले. हातातली काठी त्यांनी पुढे केली. "खालचं रबर झिजलंय. इथे बसवून मिळतं का?"

तसलं काम तिथे होत नव्हतं. "मिळतं की. बसा," ताई म्हणाल्या.

त्यांनी एक जुनं रबर शोधून कापलं, तासलं, काठीला ठोकून बसवलं. म्हातारे आतल्या बाकावर बसून भिंतीवर टांगलेले पाय न्याहाळत होते. काठी हातात आल्यावरही उठेनात.

"तो येतो का अजून?" त्यांनी जमिनीकडे बघत विचारलं.

"गुरुवारी येतो. सकाळी दहाला."

"गुरुवारी मला कामं असतात."

"बरं."

गुरुवारी पावणेदहाला ते त्याच आतल्या बाकावर येऊन बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. दहाला बोरू आला, त्यांना बघून दारातच अडखळला. ताईंनी त्याला हातानं खूण केली, बसा. दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा सोडून तो बसला. कोपऱ्यातलं घासकामाचं यंत्र कर्कश घुं घुं करत होतं. ताईंनी जाऊन ते बंद केलं, आत काम शिकणाऱ्या दोन पोरींना चहाला म्हणून बाहेर काढलं, आणि जाता जाता दार ओढून घेतलं.